जुन्या मोटारीचे साल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका सरदार-घराण्याच्या वाड्यात, पूर्वीच्या तबेल्याच्या लांबट खोलीत, एक फोर्ड मोटार उभी असे. घरातील वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सारेजण भाऊसाहेब म्हणत, ती प्रत्येक पाहुण्यास दाखवीत आणि दाखविताना ठरलेले वाक्य उच्चारीत : 'ही १९०८ सालची. दरबाराकडून आमच्या आजोबांना बक्षीस मिळाली.' मोटारीच्या पुढच्या काचेखाली त्यांनी पितळेची एक लहानशी पाटी बसवून घेतली होती व तीवर हेच साल कोरले होते. १९७८ च्या हिवाळ्यात त्यांचे मला बोलावणे आले. घरातील मोडी दप्तर वाचून त्यातून घराण्याचा इतिहास जुळवावा, असा त्यांचा मानस होता. आणि त्यात मोटारीसंबंधी एक स्वतंत्र प्रकरण असावे, हा त्यांचा खास आग्रह होता.

मोटारींविषयी माझे ज्ञान त्या वेळी बेताचेच होते. पुस्तके चाळू लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी खडा लागला. फोर्डचा 'टी' नमुना अमेरिकेत डेट्रॉइट येथे तयार होऊ लागला तो १९०८ च्या शरद ऋतूत. पुढे १९२७ पर्यंत त्याच्या दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या खऱ्या, परंतु पहिल्या तीन महिन्यांतील एखादी गाडी त्याच वर्षी समुद्र ओलांडून ग्वाल्हेरच्या दरबारात पोचावी व तेथून बक्षीस म्हणून सरदाराच्या वाड्यात यावी, हे पटण्यासारखे नव्हते. शिवाय आपल्याकडे येणाऱ्या फोर्ड गाड्या, हिंदुस्थान ब्रिटिश साम्राज्यात असल्यामुळे, बहुधा कॅनडातील फोर्ड कारखान्यातून येत. दुसरा खडा पुढच्या जाळीचा. १९१६ पर्यंतच्या नमुन्यांवर पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरची चौकट झळझळीत पितळेची असे. १९१७ च्या नमुन्यापासून ती काळ्या रंगाच्या पत्र्याची झाली. भाऊसाहेबांच्या मोटारीची चौकट काळी होती.

तथापि रेडिएटर हा काही मूर्तीचा मुखवटा नव्हे. तो गळतो, फुटतो आणि बदलला जातो. तेवढ्यावरून निकाल देणे उतावीळपणाचे झाले असते. म्हणून मी पुन्हा दप्तराकडे वळलो आणि संवत १९७६ च्या रोजमेळात ती नोंद सापडली : मोटार फोर्ड नग एक, मुंबईहून, रेल्वेचे भाडे निराळे. खालोखाल पेट्रोलचे डबे, टायर-ट्यूब आणि मोटार हाकणाऱ्याचा महिना. किंमत दोन हप्त्यांत फेडलेली. संवत १९७६ म्हणजे इसवी सन १९१९-२०. मोटार १९०८ ची नव्हती, आणि बक्षिसाचीही नव्हती. भाऊसाहेबांच्या आजोबांनी ती स्वतःच्या पैशाने विकत घेतली होती.

हे त्यांना कसे सांगावे, या विवंचनेत मी पंधरा दिवस काढले. ऐंशीच्या घरातील माणूस, त्याच्या आयुष्यभराच्या एका वाक्यावर बोळा फिरवायचा. त्याच दिवसांत एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मोटारींच्या इतिहासावरील ग्रंथ चाळताना व्हिएन्नातील एका मोटारीची हकीकत माझ्या वाचनात आली. पुढे जमेल तसा मी तिचा मागोवा घेत राहिलो. वाड्यातील फोर्ड आणि व्हिएन्नातील ती मोटार यांत तुलना करण्याजोगे काही नाही. एक कारखान्यातून लाखांनी निघालेली, दुसरी जगात एकुलती एक. पण पेच एकच होता.

जुन्या मोटारीच्या सालावरून एवढी घालमेल का व्हावी, असे कोणासही वाटेल. याचे उत्तर इंग्लंडात चटकन मिळते. त्या देशात रस्त्यावरून यांत्रिक वाहन ताशी ४ मैलांहून अधिक वेगाने नेण्यास बंदी होती. १८९६ च्या कायद्याने ही मर्यादा १४ मैलांवर नेली आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारवाल्यांनी लंडनहून ब्रायटनपर्यंत आपल्या गाड्या हाकल्या. १९२७ पासून त्या फेरीच्या स्मरणार्थ जुन्या मोटारींची फेरी निघू लागली. तिचा नियम साधा आहे : गाडी १ जानेवारी १९०५ पूर्वी तयार झालेली असली पाहिजे. डिसेंबर १९०४ ची गाडी फेरीत येते, फेब्रुवारी १९०५ ची येत नाही. आणि या दोन महिन्यांच्या अंतरामुळे तिच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. साहजिकच प्रत्येक मालकाला आपली गाडी थोडी अधिक वयस्क असावी असे वाटते. आपल्याकडे लग्नाच्या बाजारात वय कमी सांगतात, तिकडे मोटारींच्या बाजारात जास्त सांगतात, इतकाच फरक. या मोहाला आवर घालण्याचे काम पुष्कळसे व्हेटरन कार क्लबने केले. १९३० साली स्थापन झालेल्या या मंडळात एक जाणकार समितीच अशी आहे की, ती गाडीचे क्रमांक, सुटे भाग, जुन्या जाहिराती आणि कारखान्याची सूचिपत्रे ताडून पाहते व तिचे साल ठरवते. मालकाच्या घरात पिढ्यानुपिढ्या सांगितलेली कथा समिती ऐकते. प्रमाण मानीत नाही.

व्हिएन्नातील मोटारीला मात्र अशी समिती मिळण्यास फार उशीर लागला.

सीगफ्रीड मार्कुस यांचा जन्म १८ सप्टेंबर १८३१ रोजी जर्मनीच्या उत्तरेकडील मेक्लेनबुर्ग प्रांतात माल्खीन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. यंत्रकामाची उमेदवारी करून ते बर्लिनला सीमेन्स व हाल्स्के यांच्या तारायंत्राच्या कारखान्यात लागले आणि १८५२ मध्ये व्हिएन्नास आले ते कायमचे. तेथे त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली. तारायंत्राची उपकरणे, सुरुंग उडविण्याचे विद्युत्-यंत्र, दिवे, असे नाना उद्योग त्यांनी केले. निरनिराळ्या देशांत मिळून त्यांच्या नावे शंभरावर एकस्वे होती. अशा बहुधंदी माणसाचे एक दुर्दैव असते. तो कोणत्याच एका गोष्टीपाशी थांबत नाही, आणि इतिहासाला तर एका माणसाच्या नावापुढे एकच गोष्ट लिहिण्याची सवय असते.

१८७० च्या सुमारास मार्कुस यांनी एका साध्या हातगाडीवर पेट्रोलवर चालणारे उभे इंजिन बसविले. त्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. गाडीला ना बसण्याची जागा, ना गती कमीजास्त करण्याची सोय. इंजिनाचा संबंध मागील चाकांशी थेट जोडलेला असल्यामुळे ते सुरू करताना चाके जमिनीवरून उचलून धरावी लागत. ती मोटार नव्हे, मोटारीची कल्पना चालते की नाही एवढे पाहण्याचा तो प्रयोग होता. परंतु द्रवरूप इंधनाच्या स्फोटावर चार चाके हलली, ही गोष्ट लहान नव्हती. प्रयोग झाल्यावर त्यांनी ती गाडी मोडून टाकली.

व्हिएन्नाच्या तंत्र-संग्रहालयात आज दिसते ती त्यांची दुसरी गाडी. ऑस्ट्रियातील मोटार-मालकांच्या संघाच्या मालकीची ही वस्तू संग्रहालयाकडे ठेवीसारखी आहे. तिच्याकडे प्रथम पाहणाऱ्यास ती बैल सोडून ठेवलेल्या दमणीसारखी वाटेल : लाकडी सांगाडा, लोखंडी धावेची लाकडी चाके, समोरासमोर नव्हे तर एकामागे एक बसण्याची बाके, आणि पुढे एक उभा दांडा व त्यावर सुकाणूचे चक्र. खाली आडवे पडलेले एकच सिलिंडर, सुमारे दीड लिटर धारणेचे. मिनिटास ५०० फेऱ्यांना त्याची शक्ती पाऊण अश्वशक्तीच्या आसपास. गाडीचे वजन साडेसातशे किलोग्रॅम आणि वेग ताशी ५ मैल. म्हणजे भरभर चालणारा माणूस तिच्याबरोबर बोलत जाऊ शकेल.

यातील दोन अवयव मात्र लक्ष देऊन पाहण्यासारखे आहेत. एक, हवेत पेट्रोल मिसळण्याची युक्ती. पेट्रोलमध्ये बुडालेला एक गोल कुंचला फिरत राहतो आणि त्याच्या केसांवरून उडणारे बारीक तुषार हवेच्या प्रवाहात मिसळतात; रांगोळीच्या पाटावर ओला कुंचला झटकावा, तसे. दुसरा, ठिणगी पाडण्याचे चुंबकीय यंत्र. इतर कारागीर त्या काळी तापविलेल्या नळीने किंवा लहरी बॅटरीने इंजिन पेटवीत असताना मार्कुस यांनी इंजिनाच्याच गतीतून ठिणगी काढली. हे दोन्ही अवयव त्यांच्या बुद्धीची खरी साक्ष आहेत.

१८९८ साली सम्राट फ्रान्झ योझेफ यांच्या कारकिर्दीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त व्हिएन्नात मोठे प्रदर्शन भरले. त्यात ही गाडी मांडली गेली, आणि तिच्यापुढे साल लिहिले गेले १८७७. त्याच वर्षी १ जुलै रोजी मार्कुस निवर्तले. पुढे केव्हातरी १८७७ चे १८७५ झाले आणि तेच रूढ झाले. ज्यांनी हे साल लिहिले त्यांनी जाणूनबुजून खोटे लिहिले असे मला वाटत नाही. १८७० ची हातगाडी पाहिलेली माणसे तेव्हा वृद्ध झाली होती. त्यांच्या स्मरणात ती मोडलेली गाडी आणि ही उभी असलेली गाडी एकमेकींत मिसळल्या असाव्यात. माणसाच्या आठवणीत वस्तू राहते, तिची तारीख सटकते. मोडी दप्तरे वाचणाऱ्यांस हा अनुभव नित्याचा आहे.

परंतु १८७५ या आकड्याचा अर्थ फार मोठा होता. कार्ल बेन्झ यांनी आपल्या तीन चाकी मोटारीच्या एकस्वासाठी अर्ज केला तो २९ जानेवारी १८८६ रोजी. मार्कुस यांची गाडी १८७५ ची असेल, तर मोटारीचा जन्म जर्मनीतील मानहाइम येथे नव्हे, तर व्हिएन्नात, आणि तोही अकरा वर्षे आधी झाला. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य जाऊन चिमुकल्या उरलेल्या ऑस्ट्रियास अशा अभिमानाची गरज होती. जहाजाच्या पंख्याचा रेसेल, शिवणयंत्राचा माडेरस्पेर्गर, टंकलेखन-यंत्राचा मिटरहोफर, अशा उपेक्षित संशोधकांच्या मालिकेत मार्कुस यांचे नाव गोवले गेले आणि १९३२ मध्ये व्हिएन्नाच्या तंत्र-विद्यापीठासमोर त्यांचा पुतळा उभा राहिला.

सहा वर्षांत तो उखडला गेला. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. एका ज्यू संशोधकाचा पुतळा नव्या राज्यकर्त्यांना कसा सोसावा? एवढ्यावर भागले नाही. ४ जुलै १९४० रोजी बर्लिनच्या प्रचार-मंत्रालयाने डाइमलर-बेन्झ कंपनीस, तिच्या पत्राचे उत्तर म्हणून, असे कळविले की, मायर आणि ब्रोकहाउस या दोन्ही ज्ञानकोशांच्या प्रकाशकांना आज्ञा झाली आहे. यापुढे आधुनिक मोटारीचे जनक म्हणून मार्कुस यांचे नाव न देता गॉटलीब डाइमलर आणि कार्ल बेन्झ या जर्मन अभियंत्यांची नावे द्यावीत. ज्ञानकोशातील एक नाव सरकारी हुकमाने खोडण्याची ही हकीकत मी प्रथम वाचली, तेव्हा पान उलटण्यापूर्वी थोडा वेळ थांबलो.

गाडी मात्र वाचली. युद्ध संपले. १९४८ मध्ये पुतळा पुन्हा आपल्या जागी बसविण्यात आला, आणि १९५० मध्ये, रूढ सालाप्रमाणे गाडीस पाऊणशे वर्षे झाली म्हणून, तिचे इंजिन दुरुस्त करून ती व्हिएन्नाच्या रस्त्यावर चालविण्यात आली. त्या दिवशी ती ठकठक ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने १८७५ हा केवळ आकडा राहिला नव्हता. ज्यांनी माणसे मारली आणि मेलेल्यांची नावेही पुसली, त्यांना दिलेले ते उत्तर होते. आता या आकड्यावर शंका घेणे म्हणजे कोणाच्या पंक्तीस जाऊन बसणे, हे सांगावयास नको.

तरीही शंका घ्यावी लागली, कारण ती गाडीतच होती. तिचे इंजिन चार धावांचे आहे : दट्ट्या एका धावेत मिश्रण शोषतो, दुसऱ्या धावेत दाबतो, तिसऱ्या धावेत स्फोटाने ढकलला जातो आणि चौथ्या धावेत धूर बाहेर काढतो. असे इंजिन प्रत्यक्ष यशस्वी करून दाखविले ते निकोलाउस ऑटो यांनी, १८७६ मध्ये. पुढील वर्षी त्यांना जर्मनीत त्याचे एकस्व मिळाले आणि त्या एकस्वाने इतर सर्व कारखानदारांचे हात बांधले. ते मोडून काढण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांनी वर्षानुवर्षे खटले लढविले. अखेर जानेवारी १८८६ मध्ये ते रद्द झाले. त्या वादात मुख्य हत्यार ठरले ते बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने १८६२ मध्ये लिहिलेले, कोणी न वाचलेले एक पुस्तक, ज्यात चार धावांचे तत्त्व नुसते शब्दांत मांडले होते. आता वाचकांनीच विचार करावा. व्हिएन्नासारख्या राजधानीत चार धावांच्या इंजिनाची एक अख्खी गाडी १८७५ पासून उभी असती, तर ऑटोंचे प्रतिस्पर्धी जुन्या ग्रंथालयांतील धूळ झाडीत कशाला बसले असते? त्यांनी ती गाडीच न्यायाधीशांपुढे नेली नसती काय?

हा पुरावा झाला नकाराचा; तेवढ्याने साल ठरत नाही. गाडीवरील ठिणगीच्या यंत्राचे एकस्व मार्कुस यांना मिळाले ते १८८३ मध्ये, हा दुसरा दुवा. तिसरा दुवा कागदांचा. १८८७ पासून मार्कुस यांचा मोराव्हियातील मार्की, ब्रोमोव्स्की आणि शुल्त्स या कारखान्याशी करार होता. ऑटोंचे एकस्व नुकतेच गळून पडल्यामुळे चार धावांची इंजिने करण्यास आता मुभा होती. हा कारखाना अॅडम्सटाल येथे होता. ते गाव आज चेक प्रजासत्ताकात अदामोव्ह या नावाने ओळखले जाते. कारखान्याच्या कागदपत्रांतून असे निष्पन्न झाले की, मार्कुस यांची गाडी तेथे १८८८-८९ मध्ये बांधली गेली. १९६१ मध्ये गुस्टाफ गोल्डबेक यांनी मार्कुस यांचे चरित्र लिहिले आणि १९६८ मध्ये हान्स झेपर यांचा ऑस्ट्रियाच्या मोटार-इतिहासावरील ग्रंथ निघाला. या दोघांच्या संशोधनाने जुन्या सालाचा पाया ढासळला.

गोल्डबेक हे जर्मन. शिवाय ऑटोंच्या कारखान्याचा शताब्दी-इतिहास लिहिणारेही तेच. त्यामुळे त्यांच्या हेतूविषयी व्हिएन्नात कोणी नाक मुरडले असते तर नवल नव्हते. म्हणूनच एका ऑस्ट्रियन अभ्यासकाने आपल्याच देशाचा मोटार-इतिहास लिहिताना तेच साल स्वीकारले, याला मी अधिक मोल देतो. दोघांचा निष्कर्ष वरवर पाहता १९४० च्या हुकमासारखाच दिसतो : बेन्झ आणि डाइमलर आधी, मार्कुस यांची मोटार नंतर. पण हुकूम काढणाऱ्यांनी गाडीखाली वाकून पाहिले नव्हते, की मोराव्हियातील एक कागदही वाचला नव्हता. शिवाय १८७० ची हातगाडी आणि चुंबकीय ठिणगी त्यांनी मार्कुस यांच्याकडून सरसकट काढून घेतली होती. संशोधकांनी ती त्यांच्या पदरात तशीच राहू दिली. संग्रहालयात आज गाडीपाशी १८८८-८९ हेच साल दिले जाते. काही पुस्तकांतून १८७५ अजूनही छापले जाते, त्याला इलाज नाही.

असा प्रकार एकट्या व्हिएन्नातच घडला असे नाही. डेन्मार्कमधील हामेल नावाची मोटार दीर्घकाळ १८८६ ते १८८८ या काळातील मानली जात होती. १९५४ मध्ये तिने लंडन-ब्रायटन फेरीही पुरी केली. सुकाणू डावीकडे फिरविले की ही गाडी उजवीकडे वळते, त्यामुळे ती हाकणाऱ्याचे कौतुकच करावयास हवे. नंतरच्या अभ्यासकांनी तिचेही साल बरेच अलीकडे ओढले.

याच्या उलट, जिच्याविषयी फारसा वाद होऊ शकत नाही अशी गाडी म्हणजे फ्रान्समधील 'ला मार्कीझ'. द दियों, बूतों आणि त्रेपार्दू या तिघांनी ती १८८४ मध्ये बांधली. द दियों हे उमराव. त्यांच्या मातोश्रींच्या पदवीवरून गाडीस हे नाव पडले. ती पेट्रोलवर नव्हे, वाफेवर चालते. चार माणसे पाठीला पाठ लावून बसतात, आणि बंब तापून वाफ धरण्यास पाऊण तास लागतो. आमच्या घरी न्हाणीघरातील बंबालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागे. या गाडीचे खरे भांडवल म्हणजे तिच्या मालकांची अखंड साखळी. द दियों यांनी ती १९०६ पर्यंत स्वतःजवळ ठेवली आणि नंतर एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यास विकली. त्या अधिकाऱ्याच्या कुटुंबात ती ८१ वर्षे राहिली. १९८७ मध्ये ती इंग्लंडातील एका जाणकाराकडे आली. त्याने तिची दुरुस्ती करून ती ब्रायटनच्या फेरीत अनेकदा चालविली. २००७ च्या लिलावात तिला ३५ लाख डॉलरांवर किंमत आली आणि २०११ मध्ये अमेरिकेतील हर्शी येथे ४६ लाख डॉलरांवर. एवढा पैसा जुन्या लोखंडास मिळत नाही. कोणी, केव्हा, कोणाकडून घेतली याची ओळीने सांगता येणारी हकीकत बरोबर असते, म्हणून तो मिळतो.

आपल्याकडे ही साखळी ठेवण्याची सवय कमी. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, कोल्हापूर येथील संस्थानिकांच्या व सरदारांच्या गाड्या हस्ते-परहस्ते गेल्या, कागद मात्र रद्दीत गेले. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम प्रथमच घालून दिले. अशा गाडीस क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क पडते आणि नोंदणी १० वर्षे चालते. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, अशी त्यात अट आहे. मूळ स्वरूप म्हणजे काय, हा प्रश्न मोठा नाजूक. शंभर वर्षांत टायर गेले, टप गेला, रेडिएटर गेला; मग मूळ ते काय उरले? म्हणून तर कागद हवेत.

वाड्यातील गोष्ट अर्धी राहिली आहे. पंधराव्या दिवशी मी रोजमेळाचे ते पान घेऊन भाऊसाहेबांसमोर बसलो. मोडी त्यांना येत नसे. मी बोट ठेवून वाचले, त्यांनी पुन्हा वाचावयास सांगितले. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

'मास्तर, म्हणजे गाडी खोटी ?'

'गाडी खरी आहे, भाऊसाहेब. साल अकरा-बारा वर्षांनी पुढचे आहे.'

'आणि दरबार ?'

'दरबाराचा उल्लेख कोठे सापडत नाही. आपल्या आजोबांनी पैसे भरल्याचा आहे. दोन हप्त्यांत.'

त्यांनी हप्त्यांची रक्कम विचारली. मी सांगितली. ती ऐकून मात्र त्यांच्या चेहऱ्यावर काहीसे वेगळेच भाव आले. त्या दोन वर्षांत घरात दोन लग्ने झाली होती आणि पिकेही बरी नव्हती, असे ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. संध्याकाळी त्यांनी मिस्त्रीस बोलावून इंजिनाच्या डाव्या अंगावरील क्रमांक घासून काढविला. वर्षानुवर्षांच्या ग्रीसखालून आधी 'सी' हे अक्षर आणि मागोमाग आकडे निघाले. 'सी' म्हणजे कॅनडाचा कारखाना. आकड्यांवरून साल निघाले १९१९. 'पुस्तकात खरे असेल ते लिहा,' भाऊसाहेब म्हणाले, 'पाटी तेवढी राहू द्या. ती काढलेली मला बघवणार नाही.'

भाऊसाहेब जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. नव्या नियमांप्रमाणे मोटारीची नोंदणी करताना त्यांच्या नातवाने अर्जात १९१९ हे साल लिहिले आणि सोबत रोजमेळाच्या त्या पानाची छायाप्रत व मी केलेले लिप्यंतर जोडले. पितळी पाटी अजून काचेखाली आहे. दर दसऱ्याला मोटारीबरोबर तीही चिंच लावून घासली जाते, आणि पाहुण्यांनी ती वाचली की नातू आतून चौकटीत बसविलेले रोजमेळाचे पान आणून त्यांच्या हाती देतो.